गेरू, चुना आणि तपासणी

छावणीत राहणाऱ्याला एक गोष्ट पाठ असते. मोठा साहेब येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो. वृद्धाश्रमांच्या तपासणीचं तेच. घाणीची तक्रार आली की आधी फोन जातो, मग फिनाइलचा वास, कोऱ्या चादरी, आणि आजोबांना 'काही त्रास आहे का?' हा प्रश्न.. तोही मॅनेजरसमोर! त्यांना रात्री तिथंच झोपायचंय राव, काय सांगणार ते?

आमच्या धंद्यात याला टेस्टिंग म्हणत नाहीत.

कायदा आहे की! 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 19 म्हणतं, राज्य सरकार जिल्ह्यात निदान 150 निराधारांसाठी वृद्धाश्रम काढू शकेल, दर्जा ठरवू शकेल. सगळं शकेल-शकेल! आश्रमांना नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करू पाहणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, आणि 2024 मध्ये त्या लोकसभेबरोबर बारगळलं. असो.

माझं म्हणणं, न सांगता जा. आणि चादरी नका बघू, कोठीघर बघा. मोठ्यांचे डायपर महिन्याला किती आले, अंथरुणाला खिळलेले किती? भागाकार चौथीतला आहे. माणशी दिवसाला एकच येत असेल, तर पुढचं नाक सांगेल.

वाढदिवसाला केळी वाटून फोटो काढणाऱ्यांनीही (हो, आपणच) एकदा डायपर आणि कपड्यांची पावडर न्यावी. फोटो चांगला येणार नाही, माहितीये. जाल तेव्हा 14567 हा ज्येष्ठांचा मोफत हेल्पलाइन नंबर भिंतीवर दिसतो का बघा. आणि तिथला फोन कुणाच्या टेबलावर असतो, तेही.