मिनी ट्रॅक्टर चर खोदील, पण बांध कोण राखणार?



खारेपाटात सध्या जिथे जावे तिथे एकच सल्ला ऐकू येतो. शेतात पाणी तुंबते? मिनी ट्रॅक्टर घ्या. चर बुजले? मिनी ट्रॅक्टर घ्या. मजूर मिळत नाही? मिनी ट्रॅक्टर घ्या. महाडीबीटीवर अर्ज करा, अनुदान मिळेल, उरलेल्या रकमेचे कर्ज काढा आणि आपापल्या शेताचा निचरा आपापला करा. हा सल्ला देणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. खारेपाटात ‘आपापला निचरा’ नावाची वस्तू तुम्ही कुठे पाहिलीत?

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. ज्याने माघात कमरेएवढ्या चिखलात उभे राहून फावड्याने गाळ उपसला आहे, तो यंत्राला शिव्या देणार नाही. आमचा विरोध आहे तो यंत्र पुढे करून सरकारने आपली जबाबदारी आमच्या खांद्यावर ढकलण्याला.

आपल्या जमिनीचे गणित बाहेरच्यांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात मांडतो. शहापूर-धेरंडपासून माणकुळ्यापर्यंत आणि तिकडे पेणच्या खाडीपट्ट्यात आपली शेते भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र आणि भात यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध. पावसाळ्यात वरून दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडते. हे पाणी बाहेर जायला वाट एकच, ती म्हणजे उघाडी. भरती आली की उघाडीची झडप पाण्याच्या दाबाने मिटते, ओहोटी लागली की उघडते. म्हणजे दिवसातून दोनदा, काही तासच आपल्या पाण्याला बाहेर जाता येते. तेवढ्या वेळात शेवटच्या शेतातले पाणी चरातून नाल्याला आणि नाल्यातून उघाडीला पोचले पाहिजे. नाही पोचले तर पुन्हा भरती येते आणि पाणी जागच्या जागी राहते. पहिल्या पावसाने जमिनीवरचा खार धुतला जातो. ते पाणी बाहेर गेले तर भात तगते, आत राहिले तर रोप पिवळे पडते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल १’पासून ‘पनवेल ३’पर्यंत खार सोसणारे वाण दिले. ते खार सोसतात, पण दर उधाणाला शेतात शिरणारा समुद्र सोसणारे वाण अजून कोणी काढलेले नाही.

आता या साखळीत एकट्याचा ट्रॅक्टर काय करील? आमच्याच शिवारातली गोष्ट आहे. एका शेतकऱ्याने पदरमोड करून छोटा ट्रॅक्टर घेतला, मागे खोदायचा हात बसवला आणि आपल्या शेताच्या कडेने छान खोल चर मारला. पाऊस लागला. त्याचे पाणी सुटले आणि खालच्या तिघांच्या शेतात जाऊन बसले, कारण पुढचा नाला गाळाने भरला होता आणि उघाडीची एक झडप मोडली होती. भांडण झाले, बोलणे बंद झाले. तो शेतकरी दोषी नव्हता आणि खालचे तिघेही नव्हते. नाला आणि उघाडी सर्वांची होती, आणि ती कोणीच पाहत नव्हते.

मग छोट्या ट्रॅक्टरचा उपयोग नाहीच का? आहे, आणि चांगला आहे. सात-आठ टनांचा जेसीबी आपल्या आतल्या कच्च्या बांधांवरून नेला तर बांधच बसतो, आणि शेतात उतरवला तर रुततो. पंधरा-वीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर त्याच्या मानाने फार हलका. बुजलेले चर मोकळे करणे, आतले बांध सावरणे, फळीने शेत सपाट करणे ही त्याची कामे आहेत. पण काही गोष्टी विक्रेता सांगत नाही, त्या आम्ही सांगतो.

कार्तिकात कापणी झाल्या झाल्या ट्रॅक्टर घालू नका. वरून सुकलेली दिसली तरी जमीन आत ओली असते. पौषापासून फाल्गुनापर्यंत काम उरका, वैशाखात हीच माती दगड होते. खोलातून निघालेली माती शेतात पसरू नका. तिच्यात खार असतो, ती आतल्या बांधावर घाला. समुद्राकडच्या बांधाच्या पायथ्याशी माती कधीही उकरू नका. बांधाला भर घालायची म्हणून त्याच्याच पायाची माती काढली, की पुढच्या उधाणाला तिथेच खांड पडते. खेकड्यांची बिळे बांध पोखरतातच, त्यात आपण भर घालायला नको. आणि चराच्या काठावर चाक नेऊ नका. चर जितका खोल, निदान तितके अंतर काठापासून ठेवा. ओला काठ ढासळला की ट्रॅक्टर उलटतो आणि चालवणारा खाली सापडतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पूर्वी बांध गावकी राखत असे. घरटी एक माणूस, खांड पडली की रात्री-अपरात्री सगळा गाव बांधावर. त्या काळाचे गोडवे आम्ही गात नाही. बांध आपण राखायचा आणि भाताचा मोठा वाटा खोताने न्यायचा, असा तो काळ होता. म्हणूनच १९३३ साली चरी येथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप झाला आणि १९३९ पर्यंत लोकांनी उपाशीपोटी तो चालवला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. पुढे कुळकायदा आला, खोती गेली, जमीन कसणाऱ्याची झाली. १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा केला. खाडीचा बांध हा एका कुळाचा किंवा एका गावाचा खाजगी प्रश्न नाही, हे सरकारनेच कायद्याने मान्य केले.

मग आज आमच्या हातात ट्रॅक्टरचा फॉर्म का? बांधाला खांड पडली की पाहणी होते, पंचनामा होतो, अंदाजपत्रक होते, आणि तोवर पुढचा पावसाळा दारात येतो. एक वर्ष खारे पाणी शिरले की दोन-तीन वर्षे पीक नीट येत नाही. आणखी काही वर्षे गेली की त्या शेतात कांदळवन उगवते. कांदळवनाला उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने संरक्षण आहे, जमीन खाजगी असली तरी. आम्ही कांदळवनाचे वैरी नाही. खाडीकडच्या बाजूला ते हवेच, लाटांचा मार तेच आधी झेलते. पण बांधाच्या आतल्या भातशेतीत ते उगवले, तर तिथे ट्रॅक्टर नेणे तर सोडाच, कोयता चालवणेही गुन्हा ठरतो. सातबाऱ्यावर नाव आपले आणि शेत मात्र गेले. याचा दोष कांदळाच्या झाडाला देऊ नका. वेळेवर न बांधलेल्या खांडीला द्या.

आणि पडीक जमिनीला गिऱ्हाईक लगेच भेटते. महामुंबई सेझच्या वेळी पेण, उरण, पनवेल तालुक्यांनी हे पाहिले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत मत घेतले गेले आणि शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने नकार नोंदवला. तो नकार देता आला, कारण शेत पिकत होते आणि धरणाच्या पाण्याची आशा होती. ज्याचे शेत दहा वर्षे खाऱ्या पाण्याखाली आहे, तो कशाच्या जोरावर नाही म्हणणार? निचऱ्याचा प्रश्न हा जमीन राखण्याचा प्रश्न आहे, तो असा.

आपल्यातल्याही काही मित्रांना दोन शब्द. यंत्र आले की मजूर मेला, असे ते म्हणतात. ही चिंता खोटी नाही. चर-बांधाच्या कामावर भूमिहीन आणि बायका पोट भरत आल्या आहेत. पण बांधावरचे बारीक काम, बिळे बुजवणे, दगडी पिचिंग, झडपांची देखभाल यंत्राने होत नाही. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणारे हे राज्य आहे. बांधाचे काम हंगामात काढा, माणसेही मिळतील आणि यंत्रालाही काम राहील.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत आम्ही या मागण्या ठेवणार आहोत.

एक : समुद्राकडचे बांध आणि उघाड्या यांची दुरुस्ती दरवर्षी मेअखेर पुरी झाली पाहिजे. कोणत्या गावाची कोणती खांड कधी बांधणार, ही यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे.

दोन : प्रत्येक खारभूमी योजनेत लेव्हल घेऊन चर आणि नाल्यांचा एक नकाशा करावा. त्या नकाशाबाहेर कोणी एकट्याने चर मारू नये, आपणही नाही.

तीन : ट्रॅक्टरचे अनुदान द्यायचे तर योजनेतल्या शेतकऱ्यांच्या गटाला द्या. भाडे गावसभेत ठरेल, आणि पहिला नंबर सर्वांत खालच्या शेताचा लागेल, कारण पाणी तिथे आधी तुंबते.

चार : ज्या शेतात सरकारच्या दिरंगाईने खारे पाणी शिरले, त्याची भरपाई दर हंगामाला मिळाली पाहिजे, एकदाच नव्हे.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी बैठकीला येताना रिकाम्या हाताने येऊ नये. आपल्या योजनेतल्या खांडी किती, मोडक्या झडपा किती, बुजलेले नाले किती, किती शेतांत कांदळ शिरले, हे बांधावरून चालत जाऊन मोजा, वहीत लिहा आणि ती वही घेऊन या. साहेबांच्या अंदाजपत्रकाला उत्तर द्यायला आपला आकडा हाताशी लागतो.

ट्रॅक्टर आम्ही घेऊ. तो गावाचा असेल आणि गावाचे चर साफ करील. पण खाडीचा बांध सरकारने बांधलाच पाहिजे. तो हक्क आम्ही अनुदानाच्या बदल्यात सोडणार नाही.