महिन्याला अडीचशे रुपये

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात घरी राहून बी. ए. करणाऱ्या दलित विद्यार्थ्यास २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा निर्वाहभत्ता मिळतो वर्षाला ३,००० रुपये. म्हणजे महिना २५०! एवढ्यात पुस्तके घ्यावीत की लोकलचा पास काढावा? राज्याची ‘स्वाधार’ योजना मुंबईत वर्षाला ६०,००० देते, पण परगावच्यांना. एका खोलीत पाच माणसे कोंबलेला विक्रोळीकर पडला स्थानिक! शिवाय उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची. कंत्राटी बाप आणि धुणीभांडी करणारी आई मिळून महिना एकवीस हजार कमावू लागली की मुलगा सरकारदप्तरी सधन ठरतो. आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणासाठी मात्र मर्यादा ८ लाखांची. ती खाली आणा, असे आमचे म्हणणे नाही. हीही तेथवर न्या आणि भत्ता महागाई निर्देशांकाशी जोडा, ही आमची मागणी आहे.