वरून ऑर्डर नव्हती

उत्तर समुद्रातल्या तेलउद्योगात ६ जुलै हा दिवस पायपर अल्फाचा. १९८८ साली याच रात्री स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनपासून सुमारे १९० किलोमीटरवर असलेला हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म जळाला. १६७ माणसे गेली. त्यांतले दोघे तर इतरांना वाचवायला आलेले.

सुरुवात दुरुस्तीच्या एका परमिटपासून झाली. एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती आणि तिच्या जागी नुसती लोखंडी चकती बसवली होती. हे सांगणारे परमिट रात्रपाळीपर्यंत पोचलेच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला, वायू गळला आणि रात्री दहाच्या सुमारास स्फोट झाला. आग विझवणारे पंप आपोआप सुरू व्हायला हवे होते, पण पाण्यात उतरलेले पाणबुडे त्यांत ओढले जाऊ नयेत म्हणून ते हाताने चालू करण्यावर ठेवले होते. म्हणजे सगळेच निष्काळजी होते, असे नव्हे. खबरदारीसुद्धा घेतली होती, मात्र एकाच बाजूची.

त्या रात्रीचा खरा धडा मात्र जळत्या प्लॅटफॉर्मवर नव्हे, शेजारच्या दोन प्लॅटफॉर्मांवर सापडतो. क्लेमोर आणि टार्टन यांच्या नळवाहिन्या पायपरशी जोडलेल्या होत्या. पायपरची रेडिओ खोली काही मिनिटांतच सोडून द्यावी लागली, त्यानंतर तिथून काही कळेना. आग मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. तरीही वरून ऑर्डर नाही म्हणून क्लेमोरने सुमारे तासभर तेल पाठवणे थांबवले नाही. त्या दाबामुळे फुटलेल्या नळीतून तेल उलटे पायपरवर येत राहिले आणि आगीला इंधन मिळत राहिले. टार्टनकडून येणारी वायूची नळी पहिल्या स्फोटानंतर वीसेक मिनिटांत फुटली. ऑर्डरची वाट पाहण्याची पायपरवरही तीच गत. बरेच कामगार निवासी भागात हेलिकॉप्टरची वाट पाहत थांबले, बाहेर पडा असे कोणी सांगितलेच नाही. जे वाचले त्यांतल्या अनेकांनी कुणाला न विचारता समुद्रात उडी घेतली होती.

क्लेमोरवरच्या साहेबांना दुष्ट ठरवणे सोपे आहे, पण उपयोगाचे नाही. उत्पादन एकदा थांबवले की पुन्हा सुरू करायला वेळ आणि पैसा लागतो. उद्या त्याचा जाब कोण विचारणार, हे त्या खुर्चीतल्या माणसाला पक्के ठाऊक असते. चालू ठेवल्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. मग फोन लागेना झाला की ‘साहेबांना विचारून सांगतो’ या वाक्याचा अर्थ आपोआप ‘तोवर चालू राहू दे’ असा होतो. पायपरच्या दुर्घटनेवरील न्यायमूर्ती कलन यांच्या चौकशी अहवालात १९९० साली १०६ शिफारशी आल्या आणि ब्रिटनने समुद्रातल्या सुरक्षेची जबाबदारी ऊर्जा खात्याकडून काढून घेतली. उत्पादन वाढवणे आणि सुरक्षा तपासणे ही दोन्ही कामे एकाच हातात नकोत, हे साधे शहाणपण त्यामागे होते.

आपल्याकडे मुंबईच्या समुद्रात मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते. सत्तरहून अधिक दगावले. तिथे तर संपर्क तुटण्याआधीच हवामान खात्याचा इशारा आलेला होता. ज्यांचा जीव जाणार होता, त्या कंत्राटी कामगारांच्या हाती परत फिरण्याचा निर्णय नव्हता.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांतील कामगाराला समोरच्या धोक्याची सूचना वर देण्याचा हक्क मिळाला. सूचना देण्याचा, काम थांबवण्याचा नव्हे. वर कोणी फोनच उचलत नसेल, तर तो हक्क तिथेच संपतो. म्हणून तारापूर असो, पाताळगंगा असो की भर समुद्रातला प्लॅटफॉर्म, प्रत्येक कंत्राटात एक कलम लेखी हवे: संपर्क तुटला आणि धोका दिसत असला की काम बंद. ते पुन्हा सुरू करायलाच परवानगी लागेल, बंद करायला नाही. बंद काळातले नुकसान मालकाच्या खाती पडेल. पाळीच्या प्रमुखाकडे त्याचा खुलासा मागता येणार नाही आणि कंत्राटी कामगाराची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही.