देवदूतांचं भय चित्रात यायलाच हवं

एकात एक अडकलेली चाकं, त्यांच्या धावांवर डोळेच डोळे, मधोमध ज्वाळा आणि भोवती पंखांचा गराडा. ‘बायबलमधले खरे देवदूत’ म्हणून अशी चित्रं गेली काही वर्षं समाजमाध्यमांवर फिरत आहेत आणि तरुण चित्रकार ती हौसेनं काढत आहेत. काही श्रद्धाळूंना ही विटंबना वाटते, तर काही जाणकारांना भयपटांची उसनवारी. मला हे दोन्ही आक्षेप पटत नाहीत. हे भय मूळ ग्रंथातलंच आहे. ते पुसलं गेल्यामुळे युरोपच्या धर्मचित्रांनी बरंच काही गमावलं, आणि आजचे चित्रकार ते परत आणू पाहत असतील तर त्यांचं स्वागत व्हायला हवं. अट एकच, ग्रंथ अर्धवट वाचून भागणार नाही.

या चित्रांचं मूळ यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. इ.स.पू. ५९३च्या सुमारास, बाबेलच्या बंदिवासात, खबार नदीकाठी त्याला वादळी ढगातून चार प्राणी येताना दिसतात. प्रत्येकाला माणूस, सिंह, बैल आणि गरुड अशी चार तोंडं, चार पंख, पंखांखाली माणसाचे हात, आणि वासराच्या खुरासारखे, उजळलेल्या पितळेसारखे चकाकणारे पाय. त्यांच्याशेजारी डोळ्यांनी भरलेली चाकं. हे प्राणी कुठंही निघाले तरी वळत नाहीत, थांबले की पंख खाली सोडतात. या विचित्रपणात काहीही उगीच आलेलं नाही. असिरियन राजवाड्यांच्या दारांत माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल राजसत्तेची राखण करत. तशाच अवयवांचे प्राणी इथं मात्र कुठल्याही राजाची चाकरी करत नाहीत, ते देवाचं सिंहासन वाहतात. त्या सिंहासनाला चाकं आहेत, म्हणजे देव यरुशलेमच्या मंदिरात अडकून पडलेला नाही, हद्दपार झालेल्यांच्या मागोमाग तो परमुलखातही येऊ शकतो. आणि ते डोळे सांगतात की त्याच्या नजरेतून कुणी सुटलेलं नाही. घरदार गमावलेल्या माणसांना ही भयंकर आकृती धीर देणारी होती.

पुढे हे भय विरत गेलं, पण ते सगळीकडे विरलं नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रांत देवदूत साध्या माणसासारखे, बिनपंखांचे असत. पंख आले ते चौथ्या शतकाच्या अखेरीस. पूर्वेकडच्या चर्चनं मात्र विचित्र रूपं जपली. ५८६ सालच्या रब्बुला सुवार्ताग्रंथात स्वर्गारोहण करणाऱ्या ख्रिस्ताखाली चार तोंडांचं, डोळ्यांनी भरलेल्या पंखांचं वाहन रंगवलेलं आहे. इस्तंबूलच्या हागिया सोफियात घुमटाखालच्या कोपऱ्यांत सहा पंखांच्या आकृती आहेत. त्यांना धड जवळजवळ नाहीच. पंख आणि त्यातून डोकावणारा चेहरा. इटलीत प्रबोधनकाळात रोमन कामदेवाची बाळं देवदूतांच्या जागी येऊन बसली. राफाएलच्या ‘सिस्टिन मॅडोना’च्या तळाशी हनुवटीला हात लावून बसलेली दोन मुलं आज जगभर देवदूतांची ओळख झाली आहेत. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या वेदींवरही पंख फुटलेले असे गुबगुबीत चेहरे कोरलेले दिसतात. ते सुंदर आहेत, पण त्यांच्यापुढे कुणाचे गुडघे थरथरत नाहीत.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. डोळ्यांची चाकं म्हणजेच ‘खरे’ देवदूत, हा दावा चुकीचा आहे, आणि हे मान्य केलं पाहिजे. यहेज्केलनं पाहिलेले प्राणी करूब आहेत, ते निरोप घेऊन येत नाहीत. निरोप आणणारे बहुतेक वेळा माणसासारखेच दिसतात. अब्राहामाच्या तंबूपाशी आलेले तिघे पाहुणे तर जेवून जातात. तरीही भय इथं संपत नाही. जखऱ्या असो, मरिया असो की रात्री मेंढरं राखणारे मेंढपाळ, देवदूताला आधी ‘भिऊ नका’ असंच सांगावं लागतं. येशूच्या रिकाम्या थडग्यापाशी त्याला पाहून पहारेकरी मेल्यासारखे होतात. देवदूताची आकृती नुसत्या चाकांनी उभी राहणार नाही आणि नुसत्या पांढऱ्या झग्यानंही नाही.

विटंबनेच्या आरोपाला तर ख्रिस्ती धर्मविचारानंच पंधराशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे. डायोनिशियस या नावानं लिहिणाऱ्या, सुमारे ५०० सालच्या एका लेखकानं स्वर्गीय श्रेणींवरच्या ग्रंथात म्हटलं की स्वर्गातल्या जीवांसाठी बेढब, विसंगत प्रतिमाच जास्त योग्य आहेत. तेजस्वी, सोनेरी पुरुष रंगवले तर लोक त्यांनाच खरं समजून तिथं थांबतील. विचित्र आकृती पाहणाऱ्याला तिथं थांबूच देत नाही. हे मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन भयानं कापतो आणि नेहमीच्या सौम्य रूपाची याचना करतो. त्या भयाला आपल्याकडे कुणी अपमान मानलेलं नाही.

कल्पनारम्य साहित्यानं हे भय अधिक समजून घेतलं. सी. एस. लुईसच्या १९४३ सालच्या ‘पेरेलान्ड्रा’मध्ये ग्रहांचे अधिपती माणसापुढे प्रकट होण्यासाठी रूपं बदलून पाहतात, त्यात डोळेही येतात, एकात एक फिरणारी चाकंही. मॅडलिन लेंगलच्या १९७३ सालच्या ‘अ विंड इन द डोअर’मध्ये असंख्य पंख आणि डोळे असलेला एकच करूब मुलाला आधी ड्रॅगनांचा कळप वाटतो, आणि तोच पुढे प्रेमापोटी स्वतःला पणाला लावतो. आजच्या बऱ्याच चित्रांत नेमकं हेच नसतं. डोळे वाढत जातात, दात येतात, रक्त ओघळतं आणि देवदूताचा राक्षस होतो. यशयाच्या सहाव्या अध्यायातले सराफीम पाहा. सहापैकी दोन पंखांनी ते उडतात, दोनांनी पाय झाकतात आणि दोनांनी स्वतःचं तोंड. ज्यांच्या आवाजानं मंदिराचे उंबरठे हादरतात, त्यांनाही समोरचं तेज पाहवत नाही. झाकलेलं तोंड काढणं शंभर डोळे काढण्यापेक्षा अवघड आहे, आणि खरी कसोटी तिथंच आहे.

म्हणून चित्रकारांना विनंती, दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र काढू नका. यहेज्केलचा पहिला आणि यशयाचा सहावा अध्याय सबंध वाचा. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं खर्चून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणलं आहे. ते वाचा आणि मग पेन्सिल उचला.