तोंडी बंदी

धायरीच्या बौद्ध बंधू-भगिनींनो, सरकारने हुकूम काढला तरच पुस्तकावर बंदी आली, असे समजू नका. हुकमाशी निदान लढता तरी येते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर जानेवारी २००४ मध्ये सरकारने बंदी घातली. ॲड. संघराज रूपवते प्रभृती न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बंदीहुकूम रद्द केला व ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. परंतु प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच पुस्तक मागे घेतले होते. त्यावर दाद कोणत्या कलमाखाली मागणार?

पैशाअभावी ग्रंथालयाने पुस्तक न घेणे ही बंदी नव्हे. मात्र नोंदवहीतले पुस्तक कोणाच्या तरी भीतीने कपाटात कुलूपबंद करून मागणाऱ्या मुलास ‘बाहेर गेले आहे’ असे सांगणे, ही बंदीच होय. आणि तीही अपिलाची वाट बुजवून! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली पुस्तक जप्त करताना सरकारलासुद्धा कारणे नमूद करावी लागतात. कलम ९९ खाली दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते. मग शाळेच्या ग्रंथपालास ही मोकळीक कोणी दिली? सबब तोंडी नकार ऐकून परत फिरू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि कारणही लेखीच मागा.