साचा साहेबांचा, सजा कामगाराला

बंधूंनो, १९६८ च्या शिस्त व अपील नियमांत एस.एफ. ५ हे मोठ्या शिक्षेचे आरोपपत्र, एस.एफ. ११ लहान शिक्षेचे. एका कार्यालयात संगणकावरील साच्यातली अट उलटी लिहिली गेली आणि किरकोळ चुकीसाठी आमच्या सहकाऱ्याच्या हाती एस.एफ. ५ पडले! साहेब म्हणतात, "कॉम्प्युटरची चूक." कॉम्प्युटर सही करतो काय? साचा बदलण्याचा अधिकार एकट्या प्रशासकाकडे. मग खोटे नाव घालून, रकाना रिकामा ठेवून, दोन्ही शिक्षा निवडून तो तपासणेही त्याचेच काम. शिवाय साचा दुरुस्त केला म्हणून आधी निघालेले कागद आपोआप सुधारत नाहीत. त्या साच्यातून निघालेली सर्व आरोपपत्रे लेखी मागे घ्या, ही आमची मागणी आहे. टपाल खात्यातील बंधूंनीही नियम १४ व १६ चे आपले कागद ताडून पाहावेत.