पिकअपची काच धुणारा पंप : बदलण्यापूर्वी तपासा

अवजारांची निगा म्हटली की नांगर, पेरणीयंत्र, फवारणी पंप आणि विहिरीवरील मोटार एवढ्यांचाच विचार आपण करतो. पिकविलेला माल बाजारात पोचविणारी पिकअप गाडी मात्र या यादीत येत नाही. गाडी हे मिस्त्रीचे काम, शेतीखात्याचे नव्हे, असे माझे काही सहकारी म्हणतात. मला हे मत मान्य नाही. सन २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ बाजारात आल्यानंतर लहान मालवाहू गाड्या खेडोपाडी पोचल्या. आज बागायतदाराच्या दारातील अशी गाडी हे त्याचे बैलगाडीइतकेच हक्काचे अवजार होय.

लोणी काळभोर व आसपासच्या गावांतून भाजीपाल्याच्या गाड्या पहाटेच्या अंधारात पुणे-सोलापूर रस्त्याने गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे निघतात. गाळपाच्या दिवसांत ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या चाकांनी आणलेला चिखल रस्त्यावर पसरलेला असतो. येथील तेलसाठ्यांकडे जाणाऱ्या टँकरांचा धूर त्यात भर घालतो आणि काचेवर तेलकट थर बसतो. हिवाळ्यातील दवाने तो ओला झाला व त्यावर नुसता वायपर फिरविला, म्हणजे सर्व काच पांढुरकी होते. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी मग डोळ्यांपुढे केवळ उजेडाचा पडदा उभा राहतो. परतीची वाट याहून वाईट. माल उतरवून सकाळी पुण्याहून लोणीकडे यावे तर तोंड पूर्वेला, आणि सूर्य नेमका समोर. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते, हे ध्यानात घेतले म्हणजे काच धुण्याचे साधन ही चैनीची वस्तू नव्हे हे पटावे.

तरीही हे साधन बंद पडले की ते तसेच ठेवण्याचा प्रघात आहे. कोणी काचेला तंबाखू चोळतो. कोणी चालत्या गाडीतून हात बाहेर काढून बाटलीतील पाणी काचेवर मारतो. हे दोन्ही उपाय मी पाहिले आहेत आणि दुसरा पाहताना माझा जीव खालीवर झाला आहे.

दुसऱ्या टोकाला, कारण न शोधता पंपच बदलणारे असतात. लोणीतील एका शेतकरी बंधूंनी गेल्या हंगामात दोन नवे पंप बसविले. प्रत्येक वेळी चार-आठ दिवस पाणी उडाले आणि पुन्हा बंद झाले. आम्ही टाकी उतरवून पाहिली, तेव्हा तळाशी हिरवे शेवाळ व गाळ होता, पंपाच्या तोंडाची जाळी त्याने बुजली होती आणि काचेखालील नोझलांची भोके क्षारांनी पांढरी झाली होती. काढून टाकलेले जुने पंप बादलीत तोंड बुडवून क्षणभर बॅटरीला जोडले, तर दोन्ही व्यवस्थित चालले. गंमत अशी की, याच गृहस्थांच्या ठिबकच्या नळ्या याच पाण्याने चोंदतात व ते त्या नियमाने साफ करतात. विहिरीवरील मोटारीने पाणी उचलले नाही, तर ते आधी फ्यूज, स्टार्टर व फूटव्हॉल्व्ह पाहतात. मोटार लगेच रिवाइंडिंगला धाडत नाहीत. गाडीच्या बाबतीत मात्र हे शहाणपण त्यांना आठवले नाही, कारण ते आठवून देणारे आम्ही त्या ठिकाणी कधी गेलोच नव्हतो.

वॉशर पंप म्हणजे बारा व्होल्टवर चालणारा, मुठीत मावणारा सेंट्रिफ्यूगल पंपच होय. तो बहुधा टाकीच्या तळाशी रबरी बुशात दाबून बसविलेला असतो. तपासणीची सुरुवात कानाने करावी. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी, एकाने दांडी ओढावी व दुसऱ्याने टाकीजवळ कान द्यावा. पंप गुणगुणत असेल, तर वीज पोचत आहे व मोटार जिवंत आहे. अशा वेळी टाकीत पाणी आहे काय, नळी निसटली अगर चिरली आहे काय हे पाहावे. नोझलजवळची नळी काढून दांडी ओढल्यावर नळीतून जोराची धार आली, तर दोष नोझलचा. ते बारीक टाचणीने व व्हिनेगरने मोकळे करावे. धार आली नाही, तर जाळी व नळी साफ करावी.

आवाज मुळीच येत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. तो त्याच अँपिअरचा घालावा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळण्याची विहिरीवरील वाईट सवय गाडीत आणू नये, वायरिंग जळते. मग पंपाचा प्लग काढून पिना हिरवट झाल्या असल्यास घासाव्यात. टेस्ट लॅम्पची दोन टोके प्लगच्या दोन पिनांना लावावीत आणि सोबत्याने दांडी ओढावी. दिवा लागला आणि प्लग परत जोडूनही पंप मुका राहिला, तरच पंप जळाला असे म्हणावे. दिवा न लागल्यास दोष दांडीच्या स्विचात, वायरीत किंवा अर्थमध्ये आहे. नवा पंप घेऊन तो जाणार नाही.

पंप बदलणे ठरलेच, तर बॅटरीची ऋण वायर सोडावी व टाकीखाली भांडे धरावे. नळी ताठ झाली असेल तर गरम पाण्याने मऊ करावी, ओरबाडू नये. पंप हलके फिरवीत ओढला म्हणजे निघतो. त्याच वेळी टाकी आतून धुवावी, नाहीतर नवा पंपही जुन्याच वाटेने जाईल. रबरी बुश चिरला असल्यास बदलावा व बसविताना त्याला साधे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावल्यास रबर फुगते. प्लग मूळ वायरींचाच जोडावा. वायरी उलटसुलट झाल्या तर पंप उलटा फिरतो व धार मंद येते, आणि नव्या पंपालाच दोष दिला जातो.

टाकीत कोणते पाणी भरावे, याबद्दल थोडे अधिक सांगणे जरूर आहे. बोअरचे क्षारयुक्त पाणी टाळून गाळलेले पावसाचे किंवा पिण्याचे पाणी वापरावे. कपडे धुण्याची पूड त्यात टाकू नये. काचेसाठी मिळणारा वॉशर द्रव घालावा. नुसते पाणी गरम टाकीत साचून राहिले तर त्यात जंतू वाढतात. इंग्लंड व वेल्समधील २०१० च्या एका अभ्यासात, असा द्रव न घालता वॉशर वापरणाऱ्या वाहनांचा संबंध लीजनेला जंतूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाशी आढळून आला होता. तणनाशकाच्या रिकाम्या कॅनने तर टाकी कधीही भरू नये. काचेवर उडालेले तुषार खिडकीतून आत येतात. टाकी रिकामी असता दांडी ओढत राहू नये, कारण हा पंप कोरडा चालला की लवकर निकामी होतो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना माझी सूचना अशी की, शेतीशाळेत फवारणी पंपाचे नोझल उघडून दाखविताना बाहेर उभ्या असलेल्या पिकअपचे झाकणही उचलावे. सोबत एक टेस्ट लॅम्प व टाचणी एवढे साहित्य पुरते. लोणीतील पुढील शेतीशाळेत मी हे करणार आहे, आणि वर सांगितलेल्या शेतकरी बंधूंनी आपले दोन्ही जुने पंप दाखविण्यासाठी आणण्याचे कबूल केले आहे.